चौथा चरण

बेळगावच्या कॅम्पात सेंट मेरीज चर्चसमोर उभं राहिलं, की मला दरवेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. चर्चमध्ये उणं काढायला जागा नाही. १८६९ सालची वास्तू. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या, दगडी भिंतींनी धरून ठेवलेला गारवा. कॅम्पातल्या बाजाराच्या रस्त्याला लोक आजही हाय स्ट्रीट म्हणतात. इंग्लंडातल्या लहानमोठ्या गावांत मुख्य रस्त्याचं हेच नाव असतं. म्हणजे साहेबानं इथं चर्च आणलं, रस्ता आणला, रस्त्याचं नावसुद्धा आणलं. चर्चशेजारचा पब तेवढा आणला नाही.

आणणार कसा? ही छावणी होती, गाव नव्हतं. शिपाई प्यायचे कँटीनमध्ये, अधिकारी मेसमध्ये नाहीतर क्लबात. प्रार्थनेला एका छपराखाली बसायचं आणि पेला मात्र हुद्द्याप्रमाणे उचलायचा.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे इंग्लंडात महिनाभर राहिलो, तेव्हा हा पब म्हणजे काय ते कळलं. त्याच्या गावात जुनं चर्च, चर्चच्या अंगणात कबरी, कबरींच्या पलीकडे बुटकी भिंत आणि भिंतीला लागून पब. नाव ‘सिक्स बेल्स’. मला वाटलं, मालकाला घंटांची हौस असेल. भाचा म्हणाला, चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, त्यावरून. आठ घंटांच्या गावात ‘एट बेल्स’ असतो. आठवड्यातल्या एका संध्याकाळी गावातली सातआठ माणसं मनोऱ्यात जमतात आणि दोर ओढून सराव करतात. प्रत्येकाच्या हाती एकच दोर, आणि घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जाणारा. तो पाठ असावा लागतो. एकजण चुकला की सगळा खेळ विस्कटतो, आणि कोण चुकला हे खालच्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळतं. तासदीड तास हे झालं की मंडळी कपाळ पुसत भिंतीपलीकडे जातात आणि कोण चुकला त्याचा निकाल पेल्यावर लागतो.

मी हसायलाच लागलो. हे तर आमचं भजनी मंडळ!

हा शेजार तिथं फार जुना आहे. मध्ययुगात चर्चचं छप्पर गळायला लागलं, की गावकरी चर्चच्या नावानं एल नावाची बिअर आंबवत, सण धरून ती गावालाच विकत आणि आलेल्या पैशांतून डागडुजी करत. अशा मेळ्यालाच चर्च-एल म्हणत. त्यासाठी कितीतरी गावांत चर्चच्या मालकीचं वेगळं घर असे. पुढे प्युरिटन मंडळींना हे सोसेना. देवाच्या नावानं पिणं आणि नाचणं त्यांनी मोडीत काढलं. पण घरं उरली. डेव्हन परगण्यात काही पबांचं नाव आजही ‘चर्च हाउस इन’ असंच आहे. पुण्य आणि पेला यांत तिथं नुसता शेजार नव्हता, सोयरीक होती.

आता आमच्याकडे या. निपाणीच्या पंचक्रोशीतलं गाव. काळी जमीन, तंबाखू, अलीकडे ऊस. गावात शिरलं की विठ्ठलाचं देऊळ, देवळापुढं पिंपळाचा पार आणि पाराच्या पलीकडे हॉटेल. हॉटेल म्हणजे चहाचं. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, पुढचं पत्र्याचं छप्पर तेच. बाहेर दोन बाकडी, आत तीन. देवळाच्या शेवटच्या पायरीपासून बाहेरच्या बाकड्यापर्यंत मी लहानपणी पावलं मोजली होती, पस्तीस भरली. आता माझीच मोठी झाली म्हणून सव्वीस भरतात.

ही सव्वीस पावलं मला फार मोलाची वाटतात. देऊळ आणि हॉटेल भिंतीला भिंत लावून असते, तर देवळातल्या माणसाला भज्यांचा वास छळत राहिला असता. दोन्ही दोन टोकांना असते, तर देवळातून निघालेला माणूस वाटेत घराकडे वळला असता. बरोबर एवढंच अंतर, की कपाळावरचा बुक्का वाळायच्या आत माणूस बाकड्यावर टेकतो. ज्या कुण्या पहिल्या मालकानं इथं चूल मांडली, त्याला विरामचिन्हाची जाण होती.

ओवी कशी असते ते आठवा. पहिले तीन चरण यमकाला यमक जुळवत येतात, आणि चौथा आखूड येतो. त्याला यमक नसतं. वर चढलेला अर्थ तो अलगद खाली जमिनीवर ठेवतो. दर्शन, प्रदक्षिणा, प्रसाद हे आमचे तीन चरण एका यमकातले. चहा हा चौथा. तो काढून बघा, ओवी तोंडातच अडकते.

आजोबांबरोबर मी काकडआरतीला जायचो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर, पहाटे साडेचारला. डोक्याला मफलर, पायाला थंडगार फरशी. देवळात सगळे एकमेकांना माउली म्हणायचे. पखवाज तापायला वेळ लागायचा, आवाज त्याहून उशिरा. आरती संपली, लोण्याचा गोळा हातावर पडला, की आजोबा पायऱ्या उतरायचे. पार ओलांडला की माउली संपली. “काय गा मर्दा, रात्री पाण्याची पाळी चुकवलीस न्हवं?” तोच माणूस, तोच बुक्का. दोन मिनिटांपूर्वी ज्याच्या पायाला हात लावला, त्याचीच आता चंपी. मला तेव्हा ते ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. माउली म्हणताना माणूस खोटं बोलत नव्हता आणि मर्दा म्हणतानाही नव्हता. दोन्ही खरं बोलायला दोन जागा लागतात, एवढंच.

हॉटेलवाल्या मामांची एक रीत सांगतो. पहाटेचा पहिला चहा ते कुणालाच देत नाहीत. दूध उतू जायच्या बेतात आलं, की भांडं उतरवून, गाळून, पहिला कप भरतात, दारात येतात आणि देवळाच्या दिशेनं रस्त्यावर ओततात. अशी रीत गावोगावच्या टपऱ्यांवर आहे, मामांनी काही नवी काढलेली नाही. पण मी बारकाईनं बघितलंय. तो कप इतरांच्या कपापेक्षा जास्त भरलेला असतो, आणि त्यात साय असते. एकदा एका शिकलेल्या पोरानं विचारलं, “मामा, रोजचा एक कप म्हणजे वर्षाला किती झाले, हिशेब केलाय?” मामा म्हणाले, “तुझी उधारी त्याच्याहून जास्ती हाय बघ.”

इंग्रजांच्या गावात चर्चशेजारी बार असतो. आमच्याकडे बार तळहातावर मळला जातो. कमरेची चंची सुटते, चिमूटभर तंबाखू, नखभर चुना, अंगठ्याखाली तीन-चार मिनिटं मळणी, दोन टाळ्या, आणि शेजाऱ्यापुढं हात. ओळख नसली तरी चालते. निपाणीच्या वखारींतला तो उग्र, खोकला काढणारा वास ज्याच्या नाकात लहानपणापासून बसलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हे व्यसन वाईट, त्यानं माणसं गेलेली मी पाहिली आहेत. तरी तो पुढं केलेला हात मला सुंदर वाटतो.

आमच्या गावात दोन चुलतभाऊ होते. बांधावरून बिनसलेलं, चौदा वर्षं बोलणं नाही. देवळात शेजारी शेजारी उभे राहायचे, टाळ वाजवायचे, ताल एकदाही चुकला नाही. एका एकादशीच्या रात्री भजन उठल्यावर थोरला बाकड्यावर बसला. धाकटा उंबऱ्यात उभा. मामांनी थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं तोंडानं काही न बोलता दोन बोटं वर केली. दोन चहा. धाकटा आला, बसला, प्याला, गेला. बांधाची कज्जेदलाली त्यानंतरही चाललीच. पण मयताला, लग्नाला एकमेकांच्या दारात येणं सुरू झालं. विठ्ठलानं हे चौदा वर्षांत केलं नव्हतं असं म्हटलं तर कीर्तनकार रागावतील. मग असं म्हणतो, विठ्ठलानं ते सव्वीस पावलांवरच्या माणसाकडे सोपवलं होतं.

देव आणि चहा या जोडीचा सगळ्यात रसाळ नमुना बघायचा असेल तर कुर्ली-आप्पाचीवाडीला जावं. निपाणीच्या जवळच. हालसिद्धनाथांचं ठाणं. दसरा-दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते, धनगरी ढोल आणि कैताळ रात्रभर वाजत राहतात, भंडाऱ्यानं माणसं, झाडं, रस्ता सगळं पिवळं होतं. आणि पहाटेच्या गारठ्यात भाकणूक होते. येत्या वर्षात पाऊस कसा, कुठलं पीक साधेल, कशाचा दर चढेल, राज्यकर्त्यांचं काय होईल, सगळं त्यात येतं. भाषा अशी की अर्धी कळते, अर्धी कळल्यासारखी वाटते. कोड्यासारखी वाक्यं, मध्येच लय, मध्येच एखादा जुना शब्द जो शब्दकोशात सापडायचा नाही. अंगावर घोंगडं घेऊन हजारो माणसं कान टवकारून बसलेली असतात. खोकलासुद्धा दाबतात.

हा झाला मूळ ग्रंथ. टीका लिहिली जाते ती यात्रेतल्या चहाच्या पालात. उजाडायच्या आत भट्ट्या पेटलेल्या असतात, हातात वाफाळता कप आणि प्रत्येकाकडे आपला अर्थ. एखाद्या वाक्यात पाण्याचा उल्लेख आला, की एकजण म्हणतो पूर, दुसरा म्हणतो धरण, तिसरा म्हणतो, “पूर न्हवं गा, ऊस वाळंल म्हणून सांगितलंय.” तंबाखूवाला दराचं ऐकून आलेला असतो, पुढारी आपल्या पक्षाचं. मी एकदा मोजलं, एकाच वाक्याचे पाच अर्थ एका बाकड्यावर, आणि पाचांतल्या एकानंही दुसऱ्याला खोटारडा म्हटलं नाही. काव्यशास्त्रवाले ज्याला व्यंजना म्हणतात ती इथं भज्यांबरोबर मिळते. पहाटे ऐकताना जी भीती मनात बसते, ती सूर्य कासराभर वर येईपर्यंत चहात विरघळते, आणि माणूस वर्षाला सामोरा जायला मोकळा होतो. भाकणूक नुसती ऐकून गपचूप घरी जायचं असतं, तर लोक वर्षभर दडपणाखाली राहिले असते. माझं तर मत असं, की नाथांनाही ते माहीत असावं. म्हणूनच ते इतकं मोघम बोलतात.

रोजच्या दिवसांत ही टीका वर्तमानपत्रावर चालते. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेला ‘तरुण भारत’ आमच्या बाकड्यावर मोठ्यानं वाचला जायचा. एकजण वाचणार, बाकीचे ऐकणार, कारण अंक एक आणि चष्मा एक. १९५६ साली सीमारेषा पडली, कागल तिकडे गेलं, निपाणी इकडे राहिली, आणि तेव्हापासून या बाकड्यानं सीमाप्रश्न किती वेळा सोडवला याची गणती नाही. १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बैलगाड्या घेऊन बसले, तेव्हा आमच्या गावच्या गाड्या कुणी कधी जुंपायच्या हे याच पत्र्याखाली ठरलं. एप्रिलमध्ये गोळीबार झाला. त्या दिवशी मामांच्या वडिलांनी भट्टी पेटवली नाही. देवळात दिवा लागला, हॉटेल बंद राहिलं. आमच्या गावातल्या जुन्या माणसांना सुतक म्हणजे काय ते हॉटेलच्या दारावरून कळतं.

आणि भाषा. देवळात अभंग मराठी, पण देवच मुळात कानडा. बाकड्यावर “एरडु चा” अशी हाक येते आणि मराठीत शिवी घालून चहा दिला जातो. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी रंगवलेल्या रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी वाचून पुण्याकडची मंडळी लोटपोट हसतात. आम्ही हसतो ते वेगळ्या कारणानं. आमच्याकडे प्रत्येक बाकड्यावर एक रावसाहेब बसलेले असतात.

आता डाग. तो दाखवल्याशिवाय हे वाचन खरं होणार नाही. आजोबांच्या वेळी हॉटेलच्या मागच्या भिंतीला खिळ्यांवर चार कान तुटलेले कप लटकलेले असायचे. ते कुणासाठी, हे गावात कुणी सांगायची गरज नव्हती. पिऊन झाल्यावर पिणाऱ्यानंच ते विसळून परत खिळ्याला लावायचे, आणि बाकड्यावर बसायचं नाही. देऊळ तर त्यांना बाहेरूनच. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेसाठी निपाणीला आले होते. आमच्या गावातून तिथं चालत गेलेल्या एका म्हाताऱ्याला मी लहानपणी पाहिलंय. तो शेवटपर्यंत हॉटेलचा चहा प्यायला नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा झाल्यावरही ते कप खिळ्यांवर वर्षानुवर्षं होते. मग एका पावसाळ्यात भिंत पडली, विटांची नवी बांधताना खिळे परत ठोकले गेले नाहीत. माफी कुणी मागितली नाही. इंग्लंडातही पबमध्ये पब्लिक बार आणि सलून बार असे दोन भाग असत, मधे भिंत, दोन्हीकडे दर वेगळा. पण तिथं पैसे टाकले की भिंत ओलांडता यायची.

बायका आजही बाकड्यावर बसत नाहीत. निपाणीच्या विडी कारखान्यांना आयुष्य दिलेल्या आमच्याकडच्या बायकांनी तंबाखू हाताळली, तिच्या धुळीनं छाती भरून घेतली, पण मळलेला बार त्यांच्यापुढं कुणी कधी धरला नाही. त्यांचा चौथा चरण आडावर, नळावर, देवळाच्या मागच्या पायरीवर झाला. चहाविना.

दारूचं म्हणाल, तर आमच्याकडे नियमच आडवा येतो. कर्नाटकात देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूच्या दुकानाला परवाना मिळत नाही. नियम बरा आहे, मी त्याच्या बाजूचा. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर चर्चच्या चौकातच ताव्हेर्न दिसेल आणि कुणाला त्यात वावगं वाटणार नाही. आमच्याकडे वाटेल. पण नियमाचा एक परिणाम असा झाला, की बार गेला हमरस्त्याच्या फाट्यावर, काळ्या काचांच्या आड. तिथं माणूस एकटा पितो, नाहीतर फक्त आपल्यासारख्यांबरोबर. पलीकडच्या टेबलावर कोण बसलंय ते अंधारात दिसतच नाही. देवळासमोर बसणाऱ्याला एक धाक असतो: येणारा-जाणारा बघतो, पुजारी बघतो, आणि श्रद्धा असेल तर आणखी एकजण कमरेवर हात ठेवून बघतो. त्या धाकात रंगलेल्या गप्पांची चव काळ्या काचेआड यायची नाही.

तीन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला. जुने सागवानी खांब गेले, सिमेंटचे आले, त्यांना गुलाबी रंग. भिंतींना न्हाणीघराच्या फरशा. शिखर उंच झालं, फाट्यावरून दिसतं. वर्गणी देणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा बोलायचा अधिकार मला आहे: जुनं देऊळ देखणं होतं, नवं फक्त स्वच्छ आहे. समितीतल्या काहींना पारासमोरचं हॉटेलही खुपायला लागलं होतं. देवळासमोर शोभत नाही, म्हणे. उष्ट्या बशा, विड्यांची थोटकं. बैठक झाली. कुठं? बाकड्यावरच. चहा मागवला गेला, दोन फेऱ्या झाल्या, आणि ठराव बारगळला. बैठकीच्या चहाचे पैसे मामांनी वर्गणीत धरले.

फाट्यावर आता अमृततुल्यचं चकाचक दुकान आलंय. चहा मामांच्या चहापेक्षा उजवा आहे, हे मान्य करायला हवं. आलं ताजं, दूध दाट. पण तिथं बसायला बाकडं नाही, उभ्यानं प्यायचं आणि निघायचं. कुणाशी बिनसलं असेल तर दोन बोटं दाखवायला समोर माणूसही नसतो.

बेळगावहून पुण्याकडे जाताना निपाणीला उतरलात तर आमच्याकडे या. मामा पहाटे साडेचारला उघडतात. एकादशीला भजी मागू नका, त्या दिवशी फक्त साबुदाण्याची खिचडी असते, तीही नऊच्या आत संपते.